पाऊण तासाला पातेलं उतरवू नका

प्रश्न : एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. पतीचं उत्पन्न काही महिन्यांपासून घटलंय आणि ही गोष्ट फक्त त्या दोघांनाच ठाऊक आहे. खर्च आवरायचा म्हणून त्यांनी नेहमीच्या मांडीच्या मटणाऐवजी कोकराची मान आणि खांद्याचं मटण आणलं, बारीक तुकडे करून घेतले आणि मोठ्या आचेवर ४५ मिनिटं उकळलं. तुकडे रबरासारखे झाले. ‘आणखी शिजवलं तर आणखी कडक होईल’ म्हणून त्यांनी पातेलं उतरवलं. जेवताना सासूबाईंनी तीन-चार तुकडे ताटाच्या कडेला सारले आणि म्हणाल्या, ‘हल्ली स्वस्तातलं आणतेस वाटतं.’ दोन आठवड्यांनी नणंदेच्या घरची मंडळी जेवायला येणार आहेत. एकूण दहा पानं. उसने पैसे घेऊन महागाची चाप आणावी, बेत पुढे ढकलावा, की कच्ची पपई लावून तेच स्वस्तातलं मटण पुन्हा करून पाहावं, असा त्यांचा पेच आहे. शेवटी त्या विचारतात, ‘पाहुण्यांना हलका भाग वाढणं हा त्यांचा अपमान नाही का?’

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्याशी अडखळले. अपमानाचं वाक्य नव्हे ते. ‘आणखी शिजवलं तर आणखी कडक होईल’, हे. तुम्ही ज्या क्षणी पातेलं उतरवलंत, तो मानेच्या मटणाचा सगळ्यात वाईट क्षण होता. आणखी तास-दीड तास थांबला असतात, तर बहुधा हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

हे मी नुसतं ऐकीव सांगत नाही. तुमचं पत्र आल्यावर परवा मुद्दाम कोकराची मान आणली, चार सेंटीमीटर जाडीच्या गोल चकत्या करून घेतल्या आणि घड्याळ समोर ठेवून बसले. जाड बुडाचं पातेलं, घट्ट झाकण, बारीक आच. ४५ मिनिटांनी काट्याने टोचून पाहिलं. काटा आत गेला, पण फिरवायला गेले तर फिरेना, आणि वर उचलला तर अख्खी चकती त्याच्याबरोबर वर आली. एक कण तोंडात टाकला. चावून चावून त्याचा चोथा झाला, पण तुटला नाही. तुमच्या सासूबाईंच्या ताटाच्या कडेला जे गेलं ते हेच. सव्वा तासाने पुन्हा पाहिलं, फारसा फरक नाही. खरं सांगते, इथे कुणाचाही धीर सुटेल. पावणेदोन तासांनी पहिल्यांदा काहीतरी बदललेलं दिसलं. मांसातले पांढरे चिवट पडदे काचेसारखे पारदर्शक व्हायला लागले होते, आणि मांस हाडापासून जरासं मागे सरकून हाडाची कड उघडी पडली होती. दोन तास वीस मिनिटांनी काटा टोचून नुसता पिळला, तर धागे आपोआप अलग झाले. चकती चमच्याने उचलली आणि मधलं हाड टपकन पातेल्यात पडलं.

असं का होतं ते एकदा समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी सव्वा तासाला धीर सुटणार नाही. कोकरू दिवसभर मान खाली घालून चरतं, पुढच्या पायांवर भार टाकून चालतं. मान, खांदा, गुडघ्याखालची नळी हे स्नायू सतत राबतात. राबणाऱ्या स्नायूंचे धागे घट्ट बांधून ठेवायला शरीर त्यांच्याभोवती कोलॅजन नावाच्या चिवट प्रथिनाचं जाळं विणतं. पाठीच्या कण्यालगतचा स्नायू त्या मानाने निवांत असतो, म्हणून तिथली चाप मऊ. मटण तापायला लागलं की साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअसच्या पुढे मांसाचे धागे आखडतात आणि आतलं पाणी बाहेर पिळून टाकतात. त्या वेळी कोलॅजन मात्र जवळजवळ होतं तसंच असतं. म्हणजे धागे कोरडे झालेत आणि जाळं अजून सुटलेलं नाही. हीच तुमची पाऊण तासाची अवस्था. पुढे ८०-९० अंशांच्या आसपास, ओलाव्यात, तासन्‌तास राहिलं की कोलॅजन विरघळून त्याचं जिलेटिन होतं. धागे सुटतात, आणि जिलेटिन रश्शात उतरून त्याला तो ओठांना चिकटणारा दाटपणा देतं. उरलेला रस्सा फ्रिजमध्ये थरथरत्या जेलीसारखा जमला, तर समजा काम नीट झालं.

मोठी आचही तुम्हाला नडली. खदखदून उकळल्याने जाळं काही फार लवकर सुटत नाही, धागे मात्र जास्त आवळतात. पाण्यात बुडालेलं मांससुद्धा कोरडं होऊ शकतं, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण तुम्ही ते खाऊन पाहिलंच आहे. आच इतकीच हवी की वर एखाददुसरा बुडबुडा यावा, फुटावा, मग पुढचा यावा.

आता तुमच्या पहिल्या पर्यायाकडे येते. समजा, उसने पैसे घेऊन तुम्ही चाप आणलीत आणि याच पद्धतीने ४५ मिनिटं उकळलीत. काय झालं असतं? ती मानेपेक्षाही वाईट झाली असती. तिच्यात विरघळायला कोलॅजन फारसं नाही, त्यामुळे धागे आखडून कोरडे होतात आणि तसेच राहतात. चाप म्हणजे काही मिनिटांचं काम. कडकडीत तापलेल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजायची, आतलं तापमान ६३ अंशांपर्यंत न्यायचं, तीन मिनिटं तशीच ठेवायची आणि लगेच वाढायची. दहा माणसांसाठी हे करायचं तर पाहुणे बाहेर गप्पा मारत असतील आणि तुम्ही स्वयंपाकघरात तव्याशी झुंजत असाल. शिवाय हिशोब बघा. बरगड्यांच्या चापांच्या एका पट्टीत साधारण आठ चापा निघतात, आणि एका कोकराला अशा पट्ट्या दोनच. माणशी तीन धरल्या तर दहा जणांना तीस लागतील, म्हणजे जवळजवळ दोन कोकरांच्या चापा. चाप महाग का, याचं मोठं उत्तर इथेच आहे. ती थोडी असते, झटपट होते आणि सगळ्यांना हवी असते.

म्हणून ‘हलका भाग’ हा तुमचा शब्द मला पटत नाही. मान आणि खांद्याचे पैसे कमी पडतात, कारण त्यांना घरात कुणीतरी दोन-अडीच तास द्यावे लागतात आणि तेवढा वेळ सगळ्यांकडे नसतो. चवीचं म्हणाल, तर राबलेल्या स्नायूंना कोकराची चव जास्त असते आणि चाप त्या मानाने सौम्य लागते. पाहुण्यांचा अपमान होतो तो न शिजलेलं वाढल्याने. उसनवारीचं तर मनातून काढूनच टाका. एका जेवणासाठी घेतलेलं कर्ज पुढचे दोन महिने तुमच्याच ताटातून फिटेल.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर तुम्ही दुकानात जाऊन फसाल. किलोमागे कमी भाव दिसला म्हणजे तो भाग खरंच स्वस्त पडतो असं नाही. उदाहरणादाखल धरून चाला की बिनहाडाच्या खांद्याला किलोमागे १०० पडतात आणि मानेला ६०. मानेत निम्मं हाड निघालं तर खाण्याजोग्या किलोभर मांसाला पडले १२०, म्हणजे खांद्याहून जास्त. तेच हाड तीस टक्के निघालं तर पडतात ८६ च्या आसपास, आणि मग मान खरोखर स्वस्त. एका कोकराच्या आणि दुसऱ्या कोकराच्या मानेत, एका दुकानदाराच्या आणि दुसऱ्याच्या कापण्यात एवढा फरक सहज पडतो. त्यामुळे एक सवय लावून घ्या : जेवण झाल्यावर हाडं गोळा करून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. आणलेल्या वजनातून ते वजा करा. अगदी काटेकोर आकडा येणार नाही, पण तीन-चार वेळा केलंत की कोणता भाग तुमच्या घराला परवडतो ते तुम्हाला नेमकं कळेल. अर्थात हाड अगदीच वाया जात नाही. रश्शाचा दाटपणा त्याच्याच आसपासच्या कुर्च्यांतून आणि पडद्यांतून येतो.

आणि इंधनही हिशोबात धरा. अडीच तास शेगडी बारीक पेटलेली राहणार. ते परवडत नसेल तर प्रेशर कुकर आहेच. वाफेच्या दाबाने आत सुमारे १२० अंशांपर्यंत तापमान जातं, म्हणून काम कितीतरी लवकर होतं. खांद्याच्या मोठ्या तुकड्यांना पूर्ण दाब आल्यावर बारीक आचेवर २० ते २५ मिनिटं, मानेला ३० ते ३५, नळीला ४० च्या आसपास. शिट्ट्या मोजू नका. प्रत्येक कुकरची शिट्टी वेगळ्या वेळी होते आणि आच मोठी ठेवली तर भराभर होते. मिनिटं मोजा. दाब आपोआप उतरू द्या. घाईने वाफ सोडली की आतला रस्सा एकदम खदखदतो आणि मांस पुन्हा कोरडं पडतं. माझं मत विचाराल तर मंद आचेवरची चव मला जास्त आवडते, पण घाईच्या दिवशी मी कुकरच लावते.

आता दुकानात काय मागायचं ते.

दहा माणसांसाठी मी तुमच्या जागी असते तर खांदा घेतला असता, म्हणजेच पुढचा फरा, आणि त्याच्या जोडीला थोडी मान. हाडासकट माणशी ३०० ग्रॅम धरा, म्हणजे एकूण तीन किलो. शिजताना मांसाचं पाव ते एक तृतीयांश वजन घटतं, त्यामुळे पातेल्यात कच्चं मटण जास्त वाटलं तरी घाबरू नका. बटाटे किंवा आधी भिजवलेली कडधान्यं घातलीत तर अडीच किलोतही भागेल. जिलेटिनने दाट झालेला रस्सा शोषून घेतलेला बटाटा मुलं मटणाच्या आधी संपवतात, हा माझा अनुभव आहे.

तुकडे बारीक करून घेऊ नका. मागच्या वेळी तुम्ही ते केलंत आणि बारीक म्हणजे लवकर शिजेल असं तुम्हाला वाटलं असणार. बारीक तुकडा लवकर तापतो, पण कोलॅजनला लागायचा तो वेळ लागतोच, आणि तोवर धाग्यांतलं पाणी निघून गेलेलं असतं. वर सुऱ्याच्या घावाने हाडाचे कपचे उडतात ते वेगळंच, लहान मुलांच्या घशात अडकण्याची भीती असते. खांद्याचे चार-पाच सेंटीमीटरचे तुकडे मागा, मानेच्या जाड चकत्या मागा, आणि सांध्यावर कापायला सांगा.

मटण कोवळं आहे का, ते हाडाच्या कापावरून कळतं. एक वर्षाच्या आतल्या कोकराचं हाड कापल्यावर लालसर, ओलसर, सच्छिद्र दिसतं. वय वाढलेल्या मेंढीचं हाड पांढरं आणि कठीण असतं, मांसही गडद. मोठ्या मेंढीचं मटण वाईट मुळीच नाही, चव तर जास्तच असते. फक्त तिच्या कोलॅजनचे दुवे जास्त पक्के झालेले असतात, म्हणून वेळ दीडपट धरा. तुम्ही त्या दिवशी कोकराचं म्हणून आणलंत ते खरंच कोकराचं होतं का, हेही एकदा आठवून बघा. चरबी पांढरी आणि घट्ट असावी, पिवळी नको. मांस ओलसर चालेल, चिकट नको. गोठवलेलं घेत असाल तर पाकिटात आत बर्फाचे कण साचलेले बघा. पुष्कळ साचले असतील तर ते फार दिवस पडून आहे किंवा मध्येच विरघळून पुन्हा गोठलंय. वितळवायचं ते फ्रिजमध्येच. दोन किलोच्या खांद्याला एक-दीड दिवस लागतो, तेव्हा आधीच काढून ठेवा.

नळी मला फार आवडते, पण ती आता पुष्कळ ठिकाणी स्वस्त राहिलेली नाही, आणि माणशी एक द्यायची म्हटलं तर दहा जणांना महागच पडेल. सीना, म्हणजे छातीचा बरगड्यांवरचा पातळ पट्टा, हा बहुतेक वेळा सगळ्यात कमी भावात मिळतो. त्यात चरबीचे आणि मांसाचे थर एकावर एक असतात. नुसता रश्शात टाकला तर सगळा रस्सा तेलकट होतो. त्याला आधी झाकून अडीच-तीन तास मऊ करायचं, गार झाल्यावर हाडं उपसून काढायची, वर वजन ठेवून चपटा करायचा आणि मग काप करून तव्यावर कुरकुरीत भाजायचा. घरच्या चार-पाच जणांसाठी उत्तम, दहा पाहुण्यांसाठी नको. खिमा करायचा तर खांद्याचा करा आणि डोळ्यांसमोर करून घ्या. तयार खिम्यात चरबी किती ते कळत नाही. खिम्याला ७१ अंशांपर्यंत शिजवायलाच हवं, कारण पृष्ठभागावरचे जंतू दळताना आतपर्यंत मिसळलेले असतात. कलेजी स्वस्त आणि पौष्टिक आहे, दोन-तीन मिनिटांत होते आणि जास्त ठेवली की खडबडते. गरोदर बाईला मात्र कलेजी देऊ नये, तिच्यात अ जीवनसत्त्व फार जास्त असतं. पाहुण्यांत कुणी असेल तर लक्षात ठेवा.

कच्च्या पपईबद्दल विचारलंत. पपईतला पपेन नावाचा घटक प्रथिनं तोडतो हे खरं, पण तो वरच्या काही मिलिमीटरपलीकडे पोचत नाही. रात्रभर लावून ठेवलीत तर बाहेरून लगदा आणि आतून तसंच चिवट, असं होतं. मानेच्या जाड चकतीला तिचा उपयोग नाही. त्यापेक्षा आदल्या रात्री मीठ चोळा, किलोला सुमारे १० ग्रॅम, म्हणजे पावणेदोन लहान चमचे सपाट. मिठाने मटण कडक होतं असं पुष्कळ जण सांगतात. पण तसं होत नाही, उलट आधी लावलेलं मीठ आत मुरतं आणि मांसाला पाणी धरून ठेवायला मदत करतं. रश्शात मग त्या मानाने कमी घाला.

वास ही आणखी एक तक्रार असते, तुम्ही लिहिली नाहीत तरी नणंदेकडच्या कुणाची असू शकेल. कोकराचा तो खास वास प्रामुख्याने चरबीत असतो. बाहेरची जाड चरबी शिजवायच्या आधी कापून टाका, निम्मा वास तिथेच जातो. ही चरबी लवकर थिजते, आणि रस्सा गार झाला की टाळूला मेणासारखी चिकटते. त्यामुळे वाढायचं ते वाफाळतं, आणि जमलं तर ताटं गरम पाण्याने धुऊन, पुसून घेतलेली.

आता सासूबाई. ‘हल्ली स्वस्तातलं आणतेस वाटतं’ हे वाक्य तुम्हाला लागलं, आणि का लागलं तेही कळतं. घरात पैसा कमी झालाय हे त्यांना ठाऊक नाही, तुम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे त्या सहज बोलल्या असल्या तरी तुम्हाला ती झडती वाटली. पण तुम्हीच लिहिलेली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. त्यांनी तुकडे ताटाच्या कडेला सारले. रस्सा खाल्ला, तुकडे ठेवले. ताई, त्यांचे दात कसे आहेत? वय झालेल्या माणसाला ‘मला चावत नाही’ म्हणणं फार जड जातं. त्यापेक्षा मटणाला नाव ठेवणं सोपं असतं. माझ्या आईने दोन वर्षं आम्हाला सांगितलं की तिला आता मटण आवडत नाही. दाताच्या डॉक्टरांकडे नेल्यावर कळलं की मागच्या दाढा हलत होत्या. तुमच्या घरी असंच असेल असं मी म्हणत नाही. कदाचित तो खरंच टोमणा असेल. पण विचारून बघायला काय हरकत आहे? पाहुण्यांसमोर नको, दुपारी दोघीच असताना विचारा. आणि दाताचंच निघालं, तर घरातल्या सगळ्या मटणात त्यांना सगळ्यात सोयीची पडेल ती ही अडीच तास शिजलेली मान. चापेचा तुकडा त्यांना तोडता येणार नाही. मानेचं मांस जिभेने दाबलं तरी सुटतं.

पैशाचं त्यांना सांगायचं की नाही, हे तुम्ही दोघांनी ठरवायचं. मला एवढंच वाटतं की लपवण्याचा ताण तुमच्या स्वयंपाकात उतरतोय. तुम्ही पातेलं लवकर उतरवलंत त्यात घाई होती, आणि ते चुकल्यावर आलेली लाज मटणापेक्षा कितीतरी मोठी होती. सासूबाईंशी नाही तरी निदान यजमानांशी बसून, या जेवणावर किती खर्च करायचा तो आकडा आधी ठरवा. आकडा कागदावर असला की दुकानात उभं राहून मनाशी झगडावं लागत नाही.

बेत पुढे ढकलू नका. उलट या प्रकारच्या मटणाची मोठी सोय अशी की ते आदल्या दिवशी केलेलं जास्त चांगलं लागतं. मटण दोन दिवस आधी आणा, रात्री मीठ लावून फ्रिजमध्ये ठेवा. आदल्या दिवशी दुपारी तुकडे कोरड्या कापडाने नीट टिपून घ्या, कारण ओल्या पृष्ठभागावर भाजणं होत नाही, नुसती वाफ होते. जाड बुडाच्या पातेल्यात थोड्या तेलावर पाच-सहाच तुकडे एका वेळी टाका आणि हलवू नका. तीन-चार मिनिटांनी खालची बाजू गडद तपकिरी होऊन आपोआप सुटते, मग उलटा. सगळे एकदम टाकलेत तर पाणी सुटून ते राखाडी होतील. भाजल्याने रस आत कोंडला जातो असं म्हणतात ते खरं नाही, पण चवीसाठी एवढं एक काम मी कधीच टाळत नाही. मग त्याच पातेल्यात कांदा, आलं-लसूण, तुमचा मसाला. बुडाला चिकटलेलं सगळं थोडं पाणी घालून खरवडून घ्या. मटण परत घाला, पाणी तुकड्यांच्या निम्म्या-दोनतृतीयांश उंचीपर्यंतच, बुडेल इतकं नको. झाकण घट्ट. खांद्याला दीड ते दोन तास, मानेला अडीच, म्हणून मान आधी चढवा आणि खांदा अर्ध्या-पाऊण तासाने घाला. बटाटे शेवटच्या अर्ध्या तासात, कडधान्यं वेगळी शिजवून.

झालं की नाही ते घड्याळाला विचारू नका, काट्याला विचारा. टोचा आणि पिळा. धागे सुटले नाहीत तर झाकण लावा आणि वीस मिनिटांनी परत या.

शिजल्यावर पातेलं ओट्यावर रात्रभर ठेवू नका. उथळ भांड्यांत काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. सकाळी वर पांढरी चरबी थिजून टणक झालेली असेल. चमच्याची कड घालून ती पापुद्र्यासारखी उचलून काढता येते, आणि खाली जेली झालेला स्वच्छ रस्सा राहतो. पाहुणे येण्याआधी तासभर मंद आचेवर हळूहळू गरम करा, सगळीकडून चांगली उकळी फुटेपर्यंत. ढवळताना जपून, तुकडे आता मोडतात. पहिली मानेची चकती सासूबाईंच्या ताटात, हाड काढून.

उरलंच तर तीन-चार दिवसांत संपवा, किंवा लहान डब्यांत भरून गोठवा, दोन-तीन महिने चव चांगली राहते. आणि रात्री सगळे गेल्यावर हाडं तोलायला विसरू नका. जमलं तर तो आकडा मलाही कळवा.